मावशी, सही कर... पण आधी हे वाच

मागच्या आठवड्यात धाकट्या मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं काहीच नाही, थेट मुद्द्यावर. "दादानं कसला कागद पाठवलाय रे? सही मागतोय. हक्कसोड तर न्हवं?"

मी आधी हसलो आणि मग गप्प झालो. कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर मामाच्या बरोबरीनं आईचं आणि दोन्ही मावश्यांचं नाव लागलं. तेव्हापासून आमच्याकडे 'सही' हा शब्द जरा जपूनच उच्चारतात. गावोगावी बहिणींनी चहाच्या कपाबरोबर कसल्या कसल्या कागदांवर सह्या केल्यात, ते मावशीनं पाहिलेलं आहे. मामा तसा नाही, हे तिलाही माहीत आहे. पण कागद तो कागद.

तर मावशी, हा कागद हक्कसोडीचा नाही. मामाला शेत सेंद्रिय म्हणून नोंदवायचं आहे. जमीन सामाईक असल्यामुळे 'आमची हरकत नाही' एवढं लिहून द्या, असं गावातल्या गटानं सांगितलंय. फोनवर एवढं सांगून तुझं समाधान झालं नाही. "सेंद्रिय हाय ते आपलं आपल्याला ठाऊक हाय की, त्याला कागद कशाला?" असं तू विचारलंस. त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. बाकीच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

ज्यांना आमचं आजोळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यानं बांबवडे, मलकापूर मागे टाकून आंबा घाटाकडे जायला लागलं की शाहूवाडी तालुक्याचा डोंगराळ भाग लागतो. एका अंगाला विशाळगड, दुसऱ्या अंगाला वारणेचं खोरं, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही असा पाऊस. खाली बांबवडे-सरूडकडे ऊस आहे. वर आमच्याकडे भात, नाचणा, थोडी वरी. मामाच्या वरच्या माळावर रासायनिक खताची गोणी कधी गेलीच नाही. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. गोणी तिथपर्यंत डोक्यावरून न्यायची कोणी आणि तिचे पैसे द्यायचे कोणी, एवढाच हिशोब होता.

काही वर्षांपूर्वी मामा पुण्याला आला तो वीस किलो नाचणा घेऊन. त्यातला थोडा आम्हाला आणि बाकीचा 'कुठंतरी विकता येतोय का बघू' म्हणून. मी त्याला एका दुकानात घेऊन गेलो. लाकडी फळ्या, कागदी पिशव्या, मंद संगीत. दुकानदार सभ्य होता. नाचणा हातात घेऊन बघितला, चांगला आहे म्हणाला आणि मग विचारलं, "सर्टिफिकेट आहे का?" मामा म्हणाला, नाही. "मग साध्याच्या भावानं घेईन." मामानं पिशवी उचलली. रिक्षात बसल्यावर बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे मी खोटं बोलतोय असं व्हय?"

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. जमेल तसं वाचत गेलो आणि गंमत म्हणजे वाचता वाचता पोचलो इंदूरला, होळकरांच्या राज्यात.

अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 साली बिहारातल्या पुसाच्या सरकारी संशोधन संस्थेत आला. इथल्या शेतकऱ्यांना शेती शिकवायला आलेला हा माणूस, आणि काही वर्षांनी इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले गुरू आहेत असं मोकळेपणानं सांगायला लागला. कीड पडली म्हणजे जमिनीत काहीतरी बिघडलंय, अशी त्याची वाचण्याची पद्धत. 1924 साली तो इंदूरला गेला आणि तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत 1931 पर्यंत त्यानं काम केलं. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ढीग उलथून तीनेक महिन्यांत खत तयार करायची रीत त्यानं तिथे बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. 1931 साली या कामावर पुस्तक निघालं. त्यावर दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. हॉवर्डला पुढे 'सर' किताब मिळाला, आज तो सेंद्रिय शेतीचा आद्यपुरुष म्हणून सगळ्या पुस्तकांत आहे. वाडांबद्दल मला फारसं काही सापडत नाही. नावावरून तरी आपल्याकडचे वाटतात. (कुणाला त्यांच्याबद्दल माहिती असेल तर जरूर कळवा.)

हॉवर्डचं 1940 चं पुस्तक, मग लेडी ईव्ह बाल्फर यांचं 1943 चं पुस्तक, आणि त्यातून 1946 साली इंग्लंडमध्ये निघालेली सॉइल असोसिएशन. इथवर सगळं विचारांचं चाललं होतं, शिक्क्याचं नाही. शिक्का मात्र जर्मनीत आधीच आला होता. रुडॉल्फ स्टायनरनं 1924 साली शेतीवर काही व्याख्यानं दिली, त्याच्या अनुयायांनी 1928 साली आपल्या मालासाठी 'डिमीटर' ही खूण घेतली. ग्रीकांची ही धान्यदेवता. म्हणजे शिक्क्याची कल्पना सरकारची नव्हे, व्यापाऱ्यांचीही नव्हे, शेतकऱ्यांच्याच एका गोतावळ्याची. 'हा माल आमच्यातल्या माणसाचा आहे' एवढंच ती खूण सांगायची.

सॉइल असोसिएशननं 1967 साली पहिल्यांदा नियम लिहून काढले. 1973 साली कॅलिफोर्नियात मूठभर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली, आणि तिथे सुरुवातीला शेतकरीच एकमेकांची शेतं तपासायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, 1972 मध्ये, फ्रान्समधल्या व्हर्सायला सेंद्रियवाल्यांची आंतरराष्ट्रीय महासंघटना स्थापन झाली होती.

मग माल लांब जायला लागला आणि भानगड सुरू झाली. गावातल्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला कुणी दाखला मागत नाही, कारण ती पुढच्या गुरुवारी तिथेच बसणार असते. पण हजार मैलांवरच्या दुकानातल्या पिशवीला तोंड नसतं. तिच्यावर 'सेंद्रिय' लिहायला शाई सोडून काहीच लागत नाही, आणि भाव मात्र जास्त मिळतो. खोटं बोलणारे आले तसे कायदे आले. अमेरिकेनं 1990 साली कायदा केला (नियम लागू व्हायला 2002 उजाडलं), युरोपनं 1991 साली. आणि त्यांत एक तत्त्व पक्कं झालं. तपासणारा तिसरा हवा. पिकवणारा नको, विकत घेणारा नको, ज्याचा मालात पैसा गुंतलेला नाही असा.

आपल्याकडे हे प्रकरण निर्यातीच्या दारानं आत आलं. दार्जिलिंगचा चहा, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निमाडातला कापूस. आता गंमत बघा. निमाड म्हणजे इंदूरच्या खालचाच मुलूख. साठेक वर्षांपूर्वी जिथल्या गोठ्यांकडे बघून हॉवर्ड आणि वाड खत करायला शिकले, तिथल्याच शेतकऱ्यांचा कापूस 'सेंद्रिय आहे' असं सांगायला आता बाहेरचा दाखला लागत होता, कारण सुताचं गिऱ्हाईक स्वित्झर्लंडला होतं. यात चिडण्यासारखं आहे असं मला आधी वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. गिऱ्हाईक जिथे असतं तिथलीच भाषा बोलावी लागते.

2000 साली भारत सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानं राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आणला, आणि तो चालवायचं काम अपेडाकडे, म्हणजे कृषी निर्यातीच्या संस्थेकडे आलं. कृषी मंत्रालयानं नव्हे, वाणिज्य मंत्रालयानं, हे मुद्दाम सांगतोय. म्हणजे दाखला जन्मला तोच मुळी परदेशी गिऱ्हाइकासाठी. देशातल्या दुकानातली पिशवी या चौकटीत यायला पुढची अठरा वर्षं गेली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम 2017 चे, आणि लागू झाले 1 जुलै 2018 पासून.

आता हा तिसऱ्याचा दाखला मिळतो कसा ते सांगतो, कारण मावशी, तुझा खरा प्रश्न तोच आहे. सरकार स्वतः दाखला देत नाही. सरकारनं मान्यता दिलेल्या प्रमाणन संस्था असतात, त्यांच्याकडे अर्ज करायचा. जमिनीचे कागद, नकाशा, गेल्या काही वर्षांत कुठल्या तुकड्यात काय पेरलं, काय टाकलं ते सगळं लिहून द्यायचं. तपासनीस येतो, बांधावरून फिरतो, गोठा बघतो, कोठी बघतो, बिलं बघतो. शेजारच्याची फवारणी वाऱ्यानं किंवा पाण्यानं आपल्याकडे येणार नाही म्हणून मध्ये पट्टा सोडलाय का ते बघतो. आणि लगेच 'सेंद्रिय' होता येत नाही. भातासारख्या हंगामी पिकाला पेरणीच्या आधीची दोन वर्षं, आंब्यासारख्या बारमाही झाडाला पहिल्या काढणीच्या आधीची तीन वर्षं नियमानं काढावी लागतात. या मधल्या काळाला रूपांतरणाचा काळ म्हणतात. या काळात उतारा कमी येऊ शकतो आणि भाव वाढीव मिळत नाही. शेतकरी मागे फिरतो तो इथेच.

आणि गोष्ट शेताच्या बांधावर संपत नाही. भात शेतात कितीही शुद्ध असलं तरी गिरणीत भरडायला जातं. तिथे आपल्या आधी कुणाचं भात पडलं होतं? गिरणीसुद्धा नोंदलेली पाहिजे, नाहीतर साखळी तुटली. वर प्रत्येक विक्रीला वेगळा व्यवहार-दाखला असतो. एका शेताला दहा क्विंटलचा अंदाज लिहिला असेल तर त्याच्या नावावर पंधरा क्विंटल विकता येऊ नयेत, म्हणून सगळा हिशोब संगणकावर जुळवतात. हा भाग मला सगळ्यात आवडला. शिक्का हा मातीचा वाटतो, पण खरा तो वहीचा असतो.

थोडं विषयांतर. कोल्हापूरच्या माणसाला मालाची प्रत आणि तिचा पुरावा हे काही नवीन नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळासाठी. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्याची नजर हाच दाखला. ढेप फोडायची, कण बघायचा, रंग बघायचा, भाव बोलायचा. पण नजरेला जे आवडतं ते लोक करायला लागतात. पिवळाधमक गूळ जास्त भावानं जातो म्हटल्यावर काहिलीत हायड्रोस पावडर पडायला लागली. भेंडीच्या चिकानं मळी काढून केलेला बिनपावडरीचा गूळ काळपट तांबूस दिसतो, आणि साध्या सौद्यात तो मागे पडतो! आमच्या आत्याच्या घरी पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळ होतं, तिथला गुळव्या घरासाठी वेगळं आधण काढायचा आणि बाजारासाठी वेगळं. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. ते गूळ कुठला हे सांगतं. काहिलीत काय पडलं हे सांगायला कागद वेगळाच लागतो.

असो. मामाकडे परत येतो.

मान्यताप्राप्त संस्थेचा दाखला एकट्या मामाला परवडणारा नव्हता. तपासनीसाची फी, येण्याजाण्याचा खर्च, दरवर्षी नूतनीकरण. दोन-अडीच एकरांत ते बसत नाही. गट करून खर्च वाटून घेता येतो, पण त्यासाठी पंचवीस तरी शेतकरी लागतात आणि आतल्या आत तपासणी ठेवणारी यंत्रणा उभी करावी लागते. आमच्या वाडीत पंचवीस उंबरे आहेत, पण शेतं बघायला त्यातली निम्मी माणसं मुंबईत.

मग कृषी खात्याच्या एका बैठकीत मामाला दुसरी वाट कळली. तिचं नाव पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी. केंद्रीय कृषी मंत्रालयानं 2011 साली सुरू केली, आणि 2015 पासून परंपरागत कृषी विकास योजनेतून गटांना मदतही मिळायला लागली. एका गावातले किंवा शेजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी एकत्र येतात, शपथपत्र लिहितात आणि एकमेकांची शेतं तपासतात. रूपांतरणाच्या काळात 'हरित' दाखला, पुरं झाल्यावर 'सेंद्रिय'. देशात विकायला हा चालतो, परदेशी पाठवायला नाही. आठवलं का कॅलिफोर्निया? पन्नास वर्षांनी गाडी फिरून तिथेच आली, शेजारी शेजाऱ्याला तपासतो.

आणि कोल्हापूरला तर हे अगदीच परकं नसावं. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर (1924-2001) इथलेच. 'प्रयोग परिवार' त्यांचा. शेतकऱ्यानं आपल्या तुकड्यात प्रयोग करायचा, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या शेतकऱ्याला पत्रानं कळवायचं. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी त्यातून काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. दाभोळकरांना शिक्का नको होता, त्यांना नोंद हवी होती. मला वाटतं पीजीएसचा जीव तिथेच आहे. निदान असायला हवा.

तुम्ही म्हणाल, शेजारी शेजाऱ्याला सांभाळून घेणार नाही का? घेईल की. पण तिसरा माणूस आला म्हणजे सगळं चोख, असंही नाही. अमेरिकेनं जानेवारी 2021 मध्ये आपल्या देखरेखीवर विश्वास नाही म्हणून अपेडाची मान्यता काढून घेतली. पाठोपाठ युरोपनं तीळ वगैरे मालात इथिलीन ऑक्साइड सापडल्यावर आपल्याकडच्या पाच प्रमाणन संस्था मान्य यादीतून काढल्या. तिसराही माणूसच असतो, आणि तो आपली फी शेवटी तपासल्या जाणाऱ्याकडूनच घेतो.

आता मामाच्या तपासणीचं सांगतो, कारण मी त्या दिवशी नेमका तिथे होतो. गटातले तिघं आले, चहा झाला, सगळे शेतात गेले. पहिला वाद झाला राबावरून. तरव्यासाठी मामा शेण-पालापाचोळा पसरून जमीन भाजतो. त्याच्या बापानं भाजली, आज्यानं भाजली. सेंद्रियच्या नियमांत मात्र जाळणं कमीत कमी ठेवा असं म्हटलंय. "ह्ये तर खरं जुनं हाय की!" मामा म्हणाला. जुनं आहे, पण जुनं म्हणजे सेंद्रिय असं नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. मलाही. बरीच चर्चा होऊन पुढच्या वर्षी निम्म्या वाफ्यात न भाजता तरवा टाकून बघायचा असं ठरलं.

दुसरं प्रकरण मात्र जिव्हारी लागणारं होतं. फॉर्मवर प्रश्न आहे, गेल्या तीन वर्षांत कुठलं रासायनिक खत किंवा औषध वापरलं? लिहिणारा पोरगा 'नाही' लिहायला निघाला होता. आम्ही पुण्यात बसून सगळ्यांना हेच सांगत आलोय ना, मामाच्या शेतात खताचा कण नाही! मामा म्हणाला, थांब. वढ्याकडच्या तुकड्यात दोन वर्षांमागं युरिया टाकलाय.

मला माहीत होतं. त्या वर्षी अतिवृष्टीत तो तुकडा पिवळा पडला होता आणि मामीच्या दवाखान्याचा खर्च चालू होता. पैसे मीच पाठवले होते, आणि 'एखादी गोणी टाका, कोण बघतंय' हे फोनवर मीच म्हटलं होतं. मी तिथे बांधावर उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. मामानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारी सगळे गप्प. मग त्यातला एक जण म्हणाला, "लिव्ह की मग. आमास्नी ठाऊकच हाय. तुझ्या भाताचा रंग बघून कळलंच हुतं."

त्यामुळे वरचा माळ आणि ओढ्याकडचा तुकडा यांच्या नोंदी वेगवेगळ्या झाल्या. ओढ्याकडचं भात अजून वेगळ्या कणगीत ठेवावं लागतंय आणि सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे खरं बोलण्यात मामाचा तोटाच झाला. पण पुण्यातल्या रिक्षातला तो प्रश्न त्यानं पुन्हा कधी विचारलेला नाही.

एक सरकारी गंमतही सांगतो. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या शेतकऱ्याला स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला सेंद्रिय म्हणून विकायला दाखल्याची सक्ती नाही, फक्त 'जैविक भारत'चं बोधचिन्ह लावता येत नाही. म्हणजे मामानं तो नाचणा तुम्हाआम्हाला विकला असता तर कागदाची गरजच नव्हती. दुकानात ठेवायचा तर मात्र होती. मी हे मामाला सांगितलं. तो म्हणाला, "तुमी पाहुणं किती खानार नाचणा?"

तेव्हा मावशी, कागदावर काय लिहिलंय ते मी शब्दन्‌शब्द वाचलंय. गट नंबर आहे, 'या जमिनीत सेंद्रिय पद्धतीनं शेती करण्यास व तशी नोंद करण्यास आमची हरकत नाही' असं एक वाक्य आहे, आणि खाली चार सह्यांची जागा. हक्क, हिस्सा, वाटणी यातला एकही शब्द नाही. तुझं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच राहणार आहे. आईची सही झाली. थोरल्या मावशीनं अंगठ्याऐवजी मुद्दाम सही केलीय, वेळ लागला पण केली. मामानं सांगितलंय की विश्वास नसेल तर स्वतः येऊन शेत बघ, मग कर. भाताची कापणी दिवाळीच्या पुढेमागे आहे, मी रविवारी गाडी घेऊन निघणार आहे. येणार असशील तर शनिवारपर्यंत कळव, म्हणजे तुला वाटेत घेतो.